ट्रॉम्बेची अणुभट्टी आणि टोकियोवरचे छत्र

मुंबईच्या पूर्व उपनगरांतून घाटकोपर-मानखुर्द जोडरस्त्याने दक्षिणेकडे गेले की ट्रॉम्बेची टेकडी दिसू लागते. तिच्या अलीकडे अणुशक्तीनगरची वसाहत आहे, पलीकडे खाडीच्या काठाने भाभा अणुसंशोधन केंद्र पसरले आहे, आणि या दोहोंना माहुलचे तेलशुद्धीकरण कारखाने व गोवंडी-मानखुर्दची दाट वस्ती यांनी वेढलेले आहे. या केंद्राची हकीकत मराठीत बहुधा दोन अंगांनी सांगितली जाते: एक डॉ. होमी भाभांच्या दूरदृष्टीची आणि दुसरी पोखरणच्या स्फोटांची. दोन्हींमध्ये परके म्हणून येतात ते पाकिस्तान आणि अमेरिका. चीन ओझरता येतो, आणि जपान, कोरिया, तैवान ही नावे तर जवळजवळ येतच नाहीत. वास्तविक ट्रॉम्बेत काय घडले आणि का घडले हे पूर्व आशिया वगळून सांगताच येत नाही, आणि ट्रॉम्बेत जे घडले त्याचे पडसाद सोल, तैपेई व टोकियो येथील निर्णयांवर इतके खोल उमटले की, पूर्व आशियाच्या अणुनीतीचा इतिहासही मुंबईच्या या उपनगराला वगळून पुरा होत नाही. हा दुहेरी संबंध उलगडून दाखवणे हे या प्रकरणाचे प्रयोजन आहे.

आरंभ १६ ऑक्टोबर १९६४ या तारखेपासून करावा लागतो. त्या दिवशी चीनने शिंजियांगमधील लोप नूरच्या वाळवंटात आपला पहिला अणुस्फोट घडवला आणि आशियातील दोन देशांपुढे एकाच वेळी एकच प्रश्न उभा राहिला. भारत दोन वर्षांपूर्वीच चीनकडून सीमेवर पराभूत झाला होता; जपानने एकोणीस वर्षांपूर्वी हिरोशिमा व नागासाकी गमावली होती. दोघांकडेही बॉम्ब नव्हता, दोघांकडेही तो बनवू शकतील असे शास्त्रज्ञ होते, आणि शेजारी नुकताच अण्वस्त्रधारी झाला होता. पुढल्या दहा वर्षांत दोघांच्या वाटा पूर्ण विरुद्ध दिशांना गेल्या. त्याचे श्रेय वा दोष सहसा राष्ट्रीय स्वभावाला दिला जातो: जपान शांततावादी झाला म्हणून त्याने बॉम्ब नाकारला, भारत महत्त्वाकांक्षी म्हणून त्याने तो बनवला, असे म्हटले जाते. कागदपत्रे मात्र वेगळे सांगतात.

चिनी स्फोटानंतर चार आठवड्यांच्या आत, नोव्हेंबर १९६४ मध्ये, एसाकू सातो जपानचे पंतप्रधान झाले. त्याच वर्षीच्या डिसेंबरात त्यांनी टोकियोतील अमेरिकी राजदूत एडविन रायशाउअर यांच्याशी बोलताना, इतरांकडे अण्वस्त्रे असतील तर आपल्याकडेही असावीत हे साध्या व्यवहारबुद्धीला धरूनच आहे, अशा आशयाचे मत मांडले. अण्वस्त्रविरोधी जनमत असलेल्या देशाचा पंतप्रधान असे बोलतो याने वॉशिंग्टन सावध झाले. जानेवारी १९६५ मध्ये सातो अमेरिकेला गेले तेव्हा अध्यक्ष लिंडन जॉन्सन यांनी त्यांना, जपानवर बाहेरून कोणताही सशस्त्र हल्ला झाल्यास अमेरिका त्याच्या रक्षणाला बांधील राहील, असे स्पष्ट आश्वासन दिले. या आश्वासनालाच पुढे ‘अण्वस्त्र छत्र’ असे नाव रूढ झाले. संरक्षणशास्त्रात त्याला विस्तारित प्रतिरोधन म्हणतात. प्रतिरोधन म्हणजे प्रतिहल्ल्याच्या भीतीने शत्रूला हल्ल्यापासून परावृत्त करणे. ती भीती स्वतःच्या अस्त्रांची न घालता मित्रराष्ट्राच्या अस्त्रांची घातली की ते विस्तारित झाले. १९६० मध्ये सुधारून घेतलेला जपान-अमेरिका सुरक्षा करार हा त्याचा कायदेशीर पाया होता, आणि योकोसुका व ओकिनावा येथील अमेरिकी तळ हा त्याचा दिसणारा पुरावा.

डिसेंबर १९६७ मध्ये सातोंनी संसदेत अण्वस्त्रे बाळगणार नाही, बनवणार नाही व देशात आणू देणार नाही, अशी तीन तत्त्वे जाहीर केली, आणि त्यांच्या या कामगिरीबद्दल १९७४ मध्ये त्यांना शांततेच्या नोबेल पुरस्कारातील वाटा मिळाला. पण या तत्त्वांच्या जोडीनेच, संरक्षणासाठी अमेरिकेच्या अण्वस्त्रांवर भिस्त ठेवली जाईल हेही त्यांनी काही आठवड्यांत सांगून टाकले होते. शिवाय १९६९ मध्ये ओकिनावा परत मिळवण्याच्या वाटाघाटींत, संकटकाळी तिथे अमेरिकेला अण्वस्त्रे आणू देण्याचा गुप्त लेख त्यांनी अध्यक्ष रिचर्ड निक्सन यांच्याबरोबर केला होता. तो कागद सातोंच्या घरी राहिला आणि २००९ मध्ये उजेडात आला. याच काळात जपानी शासनाने काही तज्ज्ञांकडून एक गोपनीय अभ्यासही करून घेतला. बॉम्ब बनवणे तांत्रिकदृष्ट्या अशक्य नाही, मात्र त्याने देश एकाकी पडेल, आणि किनारपट्टीच्या अरुंद पट्ट्यात दाटलेली लोकवस्ती असलेल्या देशाला अणुयुद्धात टिकाव धरता येणार नाही, असा त्याचा निष्कर्ष होता. हिरोशिमाची वेदना खरी होती आणि जपानी जनतेचा अण्वस्त्रविरोधही खरा होता. तरीही निर्णय घेणाऱ्यांच्या हिशेबात छत्राची खात्री ही त्या वेदनेइतकीच महत्त्वाची बाब होती, हे मान्य केल्यावाचून पुढला इतिहास समजत नाही.

दिल्लीनेही छत्र मागितले होते, ही गोष्ट भारतात फारशी सांगितली जात नाही. डिसेंबर १९६४ मध्ये लालबहादूर शास्त्री लंडनला गेले असता त्यांनी ब्रिटिश पंतप्रधान हॅरॉल्ड विल्सन यांच्याकडे, अण्वस्त्रे नसलेल्या देशांना अण्वस्त्रधारी राष्ट्रांनी संरक्षणाची हमी द्यावी, हा विषय काढला. १९६७ च्या एप्रिलमध्ये पंतप्रधान इंदिरा गांधींचे सचिव एल. के. झा हे अणुऊर्जा आयोगाचे अध्यक्ष विक्रम साराभाई यांच्यासह मॉस्को, पॅरिस, लंडन, वॉशिंग्टन अशा राजधान्यांत याच कामासाठी फिरले. हाती काही लागले नाही. भारताला हमी हवी होती, पण अलिप्ततेचे धोरण सोडून कोणाच्या गोटात जायचे नव्हते. आणि महासत्तांना तळ, सैन्य व करार यांच्याशिवाय चीनशी अणुयुद्धाचा धोका पत्करायचा नव्हता. १९ जून १९६८ रोजी संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेने ठराव क्रमांक २५५ करून, अण्वस्त्रांनी धमकावल्या गेलेल्या देशाला मदत करण्याचे मोघम आश्वासन तेवढे दिले. त्यानंतर बाराच दिवसांनी अण्वस्त्रप्रसारबंदी करार सह्यांसाठी खुला झाला. १ जानेवारी १९६७ पूर्वी ज्यांनी अणुस्फोट केला तेच अधिकृत अण्वस्त्रधारी, बाकीच्यांनी अण्वस्त्रे न बनवण्याचे वचन द्यायचे, अशी त्याची मांडणी होती. या रेषेने चीन आत बसला व भारत बाहेर राहिला. जपानने १९७० मध्ये सही केली, पण ती संसदेकडून मंजूर करून घ्यायला १९७६ उजाडले; भारताने सहीच केली नाही.

या राजनैतिक धावपळीच्या काळात ट्रॉम्बेत काय होते? १९५६ च्या ऑगस्टमध्ये तिथे ‘अप्सरा’ ही छोटी संशोधन अणुभट्टी सुरू झाली होती. त्याच वर्षी कॅनडाशी झालेल्या करारान्वये त्या देशाने एनआरएक्स या आपल्या भट्टीच्या नमुन्यावर ४० मेगावॉट क्षमतेची भट्टी देऊ केली, अमेरिकेने तिच्यासाठी जड पाणी पुरवले, आणि ही ‘सायरस’ भट्टी १० जुलै १९६० रोजी क्रांतिक झाली, म्हणजे तिच्यातील विखंडनाची साखळी स्वबळावर चालू लागली. गेटवेहून घारापुरीला जाणाऱ्या लाँचमधून डाव्या हाताला जो फिकट रंगाचा घुमट दिसतो तो तिचा. तिच्या गाभ्यात जड पाण्याने भरलेली ॲल्युमिनियमची एक उभी टाकी होती आणि त्या टाकीतून आरपार गेलेल्या नळ्यांमध्ये नैसर्गिक युरेनियमच्या कांड्या सोडलेल्या असत. कांड्यांभोवती साधे पाणी फिरून उष्णता घेई आणि ती उष्णता शेवटी मुंबईच्या खाडीच्या पाण्याला दिली जाई. जड पाणी न्यूट्रॉनांचा वेग कमी करते पण त्यांना गिळत नाही, म्हणून समृद्ध न केलेल्या, म्हणजे युरेनियम-२३५ चे प्रमाण न वाढवलेल्या, साध्या युरेनियमवरही साखळी चालू राहते. या प्रक्रियेत युरेनियम-२३८ चे काही अणू न्यूट्रॉन शोषून दोन टप्प्यांनी प्लुटोनियम-२३९ मध्ये बदलतात. अशा भट्टीत एक मेगावॉट उष्णता दिवसभर निर्माण झाली की सुमारे एक ग्रॅम प्लुटोनियम साठते, असे ढोबळ गणित आहे. ४० मेगावॉटची भट्टी वर्षातले अडीचशे दिवस पूर्ण क्षमतेने चालली तर ते दहा किलोच्या घरात जाते, आणि एका साध्या बॉम्बला त्याहून कमी पुरते.

मात्र प्लुटोनियम कांडीत असून उपयोग नसतो. कांडी आम्लात विरघळवून, प्रखर किरणोत्सर्गापासून बचाव करत, रासायनिक रीतीने ते वेगळे काढावे लागते. यालाच पुनःप्रक्रिया म्हणतात, आणि वीज बनवणारा देश व बॉम्ब बनवू शकणारा देश यांच्यातली सीमारेषा बऱ्याच अंशी इथेच असते. हा कारखाना ट्रॉम्बेत १९६४ मध्ये, म्हणजे चिनी स्फोटाच्याच वर्षी चालू झाला आणि जानेवारी १९६५ मध्ये शास्त्रींच्या हस्ते त्याचे उद्घाटन झाले. २४ ऑक्टोबर १९६४ रोजी, लोप नूरच्या स्फोटाला आठ दिवस झाले असताना, भाभांनी आकाशवाणीवरून भाषण केले. त्यात त्यांनी प्रसिद्ध अमेरिकी अंदाजांच्या आधारे दहा किलोटन शक्तीच्या स्फोटाचा खर्च साडेसतरा लाख रुपये सांगितला. भाषणाचा शेवट निःशस्त्रीकरणाच्या आवाहनाकडे जाणारा होता, पण देशाने आकडा तेवढा लक्षात ठेवला. जानेवारी १९६६ मध्ये तेरा दिवसांच्या अंतराने आधी शास्त्री आणि मग भाभा गेले आणि हा विषय काही काळ मागे पडला. तथापि १८ मे १९७४ रोजी पोखरणला जो स्फोट झाला, त्याचे प्लुटोनियम सायरसमध्येच तयार झालेले होते.

पूर्व आशियावर या स्फोटाचा परिणाम तात्काळ झाला, कारण सायरसची भावंडे तिकडे होती किंवा जन्माला यायच्या बेतात होती. तैवानने एनआरएक्सच्याच धर्तीची ४० मेगावॉटची भट्टी कॅनडाकडूनच विकत घेतली होती आणि ती १९७३ मध्ये सुरू झाली होती. तिचाही अधिकृत उद्देश संशोधन हाच होता. पोखरणनंतर ती भट्टी कशासाठी आहे याविषयी वॉशिंग्टनला शंका उरली नाही. सत्तरच्या दशकात दडपण आणून पुनःप्रक्रियेचे काम थांबवण्यात आले, आणि १९८८ च्या जानेवारीत तिथल्या अणुसंशोधन संस्थेतील कर्नल चांग श्येन-यी हे अमेरिकेच्या मदतीने देश सोडून गेल्यावर त्यांनी दिलेल्या माहितीच्या बळावर भट्टी कायमची बंद करायला लावण्यात आली. दक्षिण कोरियाची कथा आणखी बोलकी आहे. १९६९ मध्ये निक्सन यांनी आशियाई मित्रांनी आपापल्या संरक्षणाचा भार अधिक उचलावा असे जाहीर केले आणि १९७१ मध्ये कोरियातून अमेरिकी पायदळाची एक पूर्ण डिव्हिजन काढून घेतली. छत्राची काठीच हलू लागल्याचे पाहून राष्ट्राध्यक्ष पार्क चुंग-ही यांनी गुप्तपणे अण्वस्त्रांची तयारी आरंभली, फ्रान्सकडून पुनःप्रक्रियेचा कारखाना आणि कॅनडाकडून एनआरएक्स जातीची भट्टी घेण्याची बोलणी सुरू केली. पोखरणने पोळलेल्या कॅनडाने ती भट्टी देण्याचे रद्द केले; वीजनिर्मितीची भट्टी हवी असेल तर आधी प्रसारबंदी करार मंजूर करा अशी अट पडली, आणि सोलने एप्रिल १९७५ मध्ये तो मंजूर केला. पुढल्या वर्षाच्या आरंभी फ्रेंच कारखान्याचा व्यवहारही अमेरिकेने बंद पाडला. दक्षिण कोरिया आज अण्वस्त्ररहित आहे याच्या कारणांत ट्रॉम्बेच्या त्या घुमटाची गणना करावी लागेल, हे विधान विचित्र वाटले तरी अतिशयोक्त नाही.

दुसरा परिणाम संस्थात्मक होता. १९७५ मध्ये सात देश लंडनमध्ये जमले आणि त्यांनी अणुसामग्रीच्या निर्यातीचे सामाईक नियम ठरवायला सुरुवात केली. यातून अणुपुरवठादार गट जन्मला, आणि त्या सातांत आशियातला एकमेव देश जपान होता. म्हणजे ज्या दरवाजाबाहेर भारत पुढली तीन दशके उभा राहिला, तो दरवाजा बसवणाऱ्यांत टोकियोचाही हात होता.

त्याची झळ महाराष्ट्रात प्रथम पोहोचली ती तारापूरला. तिथल्या दोन अमेरिकी भट्ट्या १९६९ पासून वीज देत होत्या आणि त्यांना समृद्ध युरेनियम लागत असे, जे पुरवण्याचे अमेरिकेने १९६३ च्या करारात कबूल केले होते. पोखरणनंतर अमेरिकेने कायदा बदलून हात आखडता घेतला. १९८३ पासून दहा वर्षे फ्रान्सने ती जागा भरली. आणि फ्रान्सनेही थांबवल्यावर १९९५ मध्ये इंधन आले ते चीनकडून. ज्या चीनच्या बॉम्बमुळे ट्रॉम्बेचे गणित बदलले, जो चीन त्याच काळात पाकिस्तानला चष्मा येथे अणुवीज केंद्र उभारून देत होता, त्याच्याच युरेनियमवर पश्चिम भारतातली काही घरे उजळली. आंतरराष्ट्रीय तपासणीच्या अटी पाळून झालेला तो सरळ व्यापार होता, आणि सीमेवरील शांततेचा करार १९९३ मध्ये होऊन गेला असल्याने दोन्ही राजधान्यांना तो सोयीचाही होता. शत्रू आणि मित्र अशा दोन खणांत देशांची विभागणी करणाऱ्या वाचकाने हा व्यवहार आवर्जून ध्यानात ठेवावा.

१९९८ चे स्फोट पुन्हा मुंबईच्या उपनगरांतून निघाले. प्रसिद्ध झालेल्या वृत्तान्तांनुसार १ मे च्या पहाटे ट्रॉम्बेहून काही ट्रक सांताक्रूझच्या विमानतळाकडे गेले आणि तिथून हवाई दलाच्या ए.एन.-३२ विमानाने लाकडी खोक्यांतले प्लुटोनियमचे गोळे जैसलमेरला पोहोचवले. महाराष्ट्र दिनाच्या सुट्टीमुळे झोपेत असलेल्या चेंबूर-कुर्ल्याच्या रस्त्यांवरून काय जात आहे याची कोणाला कल्पना नव्हती. ११ व १३ मे रोजी स्फोट झाले. त्यानंतर पंतप्रधान अटलबिहारी वाजपेयी यांनी अमेरिकी अध्यक्ष बिल क्लिंटन यांना पाठवलेले पत्र वृत्तपत्रांत फुटले, आणि त्यात सीमेवरच्या एका उघड अण्वस्त्रधारी देशाचा, नाव न घेता पण चीन हे स्पष्ट व्हावे अशा रीतीने, कारण म्हणून उल्लेख होता. चौतीस वर्षांनीही लोप नूरच कारण म्हणून सांगितले जात होते.

जपानची प्रतिक्रिया सर्वांत कठोर देशांपैकी एकाची होती. तो त्या वेळी भारताला सर्वाधिक द्विपक्षीय मदत देणारा देश होता; त्याने नवी अनुदाने आणि येनमधील नवी कर्जे गोठवली, आणि ६ जून १९९८ रोजी सुरक्षा परिषदेत संमत झालेला निषेधाचा ठराव क्रमांक ११७२ मांडण्यात पुढाकार घेतला. दिल्लीचे उत्तर असे की, जो देश स्वतः परक्या अण्वस्त्रांच्या छायेत सुरक्षित बसला आहे त्याला छत्र नाकारल्या गेलेल्या देशाला उपदेश करण्याचा अधिकार नाही. पुढे परराष्ट्रमंत्री झालेल्या जसवंत सिंग यांनी त्याच वर्षी एका अमेरिकी नियतकालिकात लिहिताना या व्यवस्थेला अण्वस्त्रांचा वर्णभेद म्हटले. हा युक्तिवाद तर्काने बिनतोड आहे, पण अपुरा आहे. टोकियोच्या परराष्ट्र खात्याला तो लागू पडतो. हिरोशिमा-नागासाकीतून वाचलेल्या, ‘हिबाकुशा’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या माणसांना लागू पडत नाही, कारण त्यांनी आपल्या सरकारच्या छत्रालाही तितकाच विरोध केला होता. त्यांच्या ‘निहोन हिदान्क्यो’ या संघटनेला २०२४ चा शांततेचा नोबेल मिळाला तो याच सातत्याबद्दल. मुंबईला ही परंपरा अगदी अपरिचित नाही. निचिदात्सु फुजी हे जपानी बौद्ध भिक्षू १९३१ मध्ये भारतात आले, १९३३ मध्ये वर्ध्याला गांधीजींजवळ राहिले, आणि महायुद्धानंतर त्यांनी जगभर शांतिस्तूप उभारण्याला वाहून घेतले. त्यांच्या पंथाचे मंदिर वरळीत आहे आणि तिथे हातातल्या डफावर ठेका धरून होणारी प्रार्थना आजही ऐकू येते. ट्रॉम्बेपासून काही मैलांवर असलेले हे मंदिर आणि टोकियोचे परराष्ट्र खाते हे दोन्ही जपानच, पण १९९८ च्या वादात भारताने एकालाच उत्तर दिले.

जपानची आर्थिक बंदी ऑक्टोबर २००१ मध्ये उठली. जपान बदलला त्याची कारणे पुन्हा पूर्व आशियातलीच होती. उत्तर कोरियाने १९९८ मध्ये जपानवरून क्षेपणास्त्र उडवले, २००३ मध्ये प्रसारबंदी करारातून अंग काढून घेतले व ऑक्टोबर २००६ मध्ये पहिला अणुस्फोट केला. चीनचे आरमार वाढत होते. आणि अमेरिकेने २००५ पासून भारताशी अणुसहकार्याचा मार्ग मोकळा करायला घेतला होता. त्या वाटाघाटींत अणुऊर्जा आयोगाचे अध्यक्ष डॉ. अनिल काकोडकर यांनी कोणत्या भट्ट्या नागरी म्हणून तपासणीखाली द्यायच्या व कोणत्या राखून ठेवायच्या याबद्दल जो आग्रह धरला, त्यातून २००६ ची विभागणी ठरली: बावीसपैकी चौदा भट्ट्या तपासणीखाली, सायरस कायमची बंद. रुपारेल महाविद्यालयातून व माटुंग्याच्या व्हीजेटीआयमधून शिकलेल्या या मराठी अभियंत्याने वॉशिंग्टनच्या घाईपुढे धरलेला धीर हा भारतीय वाटाघाटींच्या इतिहासातला अभ्यासण्याजोगा भाग आहे. ५ सप्टेंबर २००८ रोजी परराष्ट्रमंत्री प्रणव मुखर्जी यांनी भारत स्वेच्छेने अणुचाचण्यांवरील स्थगिती पाळत राहील असे निवेदन केले, आणि दुसऱ्या दिवशी अणुपुरवठादार गटाने भारताला सूट दिली. तिथले निर्णय एकमताने होत असल्याने जपान आणि चीन दोघांचीही त्याला संमती होती. सायरस ३१ डिसेंबर २०१० रोजी थांबली. शस्त्रांसाठी लागणाऱ्या प्लुटोनियमचा भार आता तिच्याच शेजारच्या, १९८५ मध्ये सुरू झालेल्या, पूर्णतः भारतीय बनावटीच्या १०० मेगावॉटच्या ‘ध्रुव’वर आहे.

भारत आणि जपान यांच्यात नागरी अणुकराराची बोलणी जून २०१० मध्ये सुरू झाली. जपानकडून भट्ट्या विकत घेणे एवढाच त्यात हेतू नव्हता. मोठ्या अणुभट्टीचे दाबपात्र ज्या प्रचंड पोलादी घडणीतून बनते त्या घडणी करणारे कारखाने जगात मोजके आहेत, आणि त्यांतला एक अग्रगण्य होक्काइडो बेटावरील मुरोरानला आहे. रत्नागिरी जिल्ह्यातील जैतापूरला सहा फ्रेंच भट्ट्यांचा ९,९०० मेगावॉटचा प्रकल्प व्हायचा तर जपानी कायद्याची अडचण दूर होणे सोयीचे होते. पण ११ मार्च २०११ रोजी फुकुशिमाची दुर्घटना घडली. तिकडे बोलणी थांबली, आणि इकडे माडबन, साखरी नाटे परिसरात आधीच पेटलेल्या विरोधाला नवे बळ मिळाले. एप्रिलमध्ये साखरी नाट्याला पोलिसांच्या गोळीबारात एक जण मृत्युमुखी पडला. कोकणातल्या मच्छीमारांनी फुकुशिमाच्या मच्छीमारांचे जे पाहिले ते त्यांच्या शंकांना पुरेसे होते, आणि त्या शंकांना अज्ञान म्हणून बाजूला सारणाऱ्यांनी जपान्यांच्या अनुभवाचा अपमान केला असे म्हणणे भाग आहे.

अखेर करार झाला तो ११ नोव्हेंबर २०१६ रोजी टोकियोत, नरेंद्र मोदी व शिंझो आबे यांच्या उपस्थितीत. हिरोशिमा आणि नागासाकीच्या महापौरांनी त्याला विरोध नोंदवला. प्रसारबंदी करारावर सही न केलेल्या देशाशी जपानने केलेला हा पहिलाच अणुकरार होता, आणि म्हणून त्याच्यासोबत एक स्वतंत्र टिपण जोडलेले आहे, जे मूळ करारापेक्षा अधिक लक्षपूर्वक वाचावे लागते. मुखर्जींचे २००८ चे निवेदन हाच या सहकार्याचा अत्यावश्यक आधार आहे आणि त्याच्याविरुद्ध कृती झाल्यास ती परिस्थितीतला गंभीर बदल मानली जाईल, असे जपानने त्यात नमूद केले. जपानच्या मते याचा अर्थ, भारताने पुन्हा चाचणी केली तर सहकार्य थांबवता येईल. भारताच्या मते हे टिपण वाटाघाटी करणाऱ्यांच्या मतांची नोंद आहे, त्यातून नवे बंधन येत नाही. दोन्ही बाजूंनी आपापला अर्थ कायम ठेवून करार २० जुलै २०१७ रोजी अमलात आला.

याच वर्षांत जपानी पैसा उपनगरांत दिसू लागला. कुलाबा-वांद्रे-सीप्झ ही अंधेरीपर्यंत येणारी भुयारी मेट्रो जपानच्या सहकार्य संस्थेच्या कर्जावर उभी राहिली. वांद्रे-कुर्ला संकुलातून निघून विक्रोळीखालून ठाण्याकडे जाणाऱ्या अहमदाबादच्या वेगवान रेल्वेसाठी खर्चाच्या ८१ टक्के कर्ज ०.१ टक्का व्याजाने व ५० वर्षांच्या मुदतीने देण्याचे जपानने डिसेंबर २०१५ मध्ये मान्य केले, आणि अणुकराराच्या तत्त्वांवर सहमतीही त्याच भेटीत झाली. तिच्या स्थानकांपैकी बोईसर हे तारापूरच्या अणुवीज केंद्रापासून फार लांब नाही. १९९८ मध्ये ज्या प्रकारची कर्जे ट्रॉम्बेच्या कृतीची शिक्षा म्हणून गोठली होती, तीच इतक्या मोठ्या प्रमाणावर परतली याचा अर्थ, चीनशी समतोल राखणारा भारत टोकियोला आता प्रसारबंदीच्या शुद्धतेपेक्षा अधिक मोलाचा वाटू लागला होता.

बीजिंगने नेमका उलटा हिशेब केला. मे २०१६ मध्ये भारताने अणुपुरवठादार गटाच्या सदस्यत्वासाठी अर्ज केला. जूनमध्ये गटाची सर्वसाधारण बैठक भरली ती सोलमध्ये, आणि प्रसारबंदी करारावर सही नसलेल्यांना प्रवेश कसा द्यायचा याचे निकष आधी ठरवा, अशी भूमिका घेऊन चीनने तो अडवला. ती अडवणूक उठलेली नाही. तरीही अण्वस्त्रांच्या वापराबाबत या दोन देशांची घोषित भूमिका एकमेकांच्या सर्वांत जवळची आहे: प्रथम वापर करणार नाही, हे चीनने १९६४ च्या स्फोटाच्याच दिवशी सांगितले होते आणि भारताने २००३ च्या जाहीर धोरणात, रासायनिक व जैविक हल्ल्याचा अपवाद ठेवून, सांगितले. पाकिस्तानशी तर भारताचा याहून ठोस करार आहे. १९८८ मध्ये झालेल्या त्या करारानुसार दोन्ही देश एकमेकांच्या अणुकेंद्रांवर हल्ला करणार नाहीत, आणि १९९२ पासून दर वर्षी १ जानेवारीला अशा केंद्रांच्या याद्यांची देवाणघेवाण होते. युद्धे झाली, संबंध तुटले, पण याद्या दिल्या गेल्या. चीनशी असा करार नाही. गोवंडी, देवनार, चेंबूर, वाशीनाका येथील लाखो माणसे ट्रॉम्बेच्या कुंपणाला लागून राहतात, तेव्हा ही उणीव केवळ मुत्सद्द्यांच्या आस्थेचा विषय राहू नये.

सोलमध्ये मात्र १९७५ मध्ये बंद झालेला प्रश्न पुन्हा उघडला आहे. उत्तर कोरियाने २००६ ते २०१७ या काळात सहा अणुस्फोट केले आणि २०१७ मध्ये अमेरिकेच्या मुख्य भूमीपर्यंत पोहोचू शकेल असे क्षेपणास्त्र उडवले; तेव्हापासून, सोल वाचवण्यासाठी अमेरिका आपले एखादे शहर धोक्यात घालेल का, हा प्रश्न तिथले सामान्य लोकही विचारू लागले, आणि स्वतःची अण्वस्त्रे असावीत असे म्हणणाऱ्यांचे जनमत चाचण्यांत बहुमत दिसू लागले. जानेवारी २०२३ मध्ये राष्ट्राध्यक्ष युन सुक-योल यांनी ती शक्यता बोलून दाखवली, तेव्हा अमेरिकेने एप्रिलमध्ये वॉशिंग्टन जाहीरनामा करून, अण्वस्त्रांच्या नियोजनाची चर्चा करणारा एक संयुक्त गट स्थापन केला आणि बदल्यात सोलकडून प्रसारबंदी कराराचे वचन पुन्हा वदवून घेतले. स्वतंत्र अण्वस्त्रांचा पुरस्कार करणारे कोरियन विश्लेषक आपल्या बाजूने भारताचा दाखला देतात: चाचणी केली, निर्बंध सोसले, आणि दहा वर्षांत जगाने सूट दिली. त्या दाखल्यात भारताने कोणत्याही करारातून अंग काढून घेतले नव्हते, कारण सही केलीच नव्हती, ही गोष्ट गाळलेली असते; दक्षिण कोरियाला आधी प्रसारबंदी करारातून बाहेर पडावे लागेल, आणि त्या करारातून बाहेर पडल्याचे जाहीर करणारा आजवरचा एकमेव देश त्याच्या उत्तरेला आहे.